टॅपचा क्लास बघायला जातीस? मग आधी डोळे मीट

या वेळचं पत्र आपल्या बेळगावच्या टिळकवाडीतून आलंय. लांब होतं, मी कापून देते:

"काकू, माझं वय 38, बँकेत आहे, लेक आठ वर्षांची. गेल्या गॅदरिंगला मोठ्या वर्गातल्या पोरींनी बुटाला लोखंड लावून टकटक असा डान्स केला, तेव्हापासून हिला टॅपच शिकायचंय, आणि खरं सांगायचं तर मलापण. दोन ठिकाणं बघून आले. एक घराजवळ, एसी, चारी बाजूंनी आरसे, खाली चकचकीत टाईल्स, तिथं झुंबा हिपहॉप बॉलिवूड टॅप सगळंच शिकवतात, तीन महिन्यांची फी एकदम आणि बूट त्यांच्याकडूनच घ्यायचे. दुसरं कॅम्पाकडं, एका जुन्या हॉलात, पाटीबिटी काही नाही, लाकडी फळ्यांची जमीन, सर साठीतले, आठवड्यातून दोनच दिवस, आणि ते म्हणाले पहिला महिना बूट घेऊच नका. सासूबाई म्हणतात भरतनाट्यमला घाल. हे म्हणतात पोरीचं ठीक आहे, तू या वयात कुठं उड्या मारणार. आम्ही फ्लॅटमध्ये, खाली बिऱ्हाड आहे. काय करू? – टकटकणारी आई"

अगं टकटकणाऱ्या आई, पहिली गोष्ट, ते लोखंड नसतं ग, बहुतेक ॲल्युमिनियमच्या पट्ट्या असतात, एक चवड्याखाली आणि एक टाचेखाली, स्क्रूनं बसवलेल्या. आणि दुसरी गोष्ट, तू पत्रात दोन्ही क्लासचं सगळं लिहिलंस, आरसे लिहिलेस, एसी लिहिलास, पाटी नाही तेही लिहिलंस, पण दोन्हीकडं ऐकायला काय आलं ते एका शब्दानं लिहिलं नाहीस. म्हणजे तू क्लास बघून आलीस. टॅपचा क्लास बघायचा नसतो, ऐकायचा असतो. पोराला तबल्याला घालताना आपण गुरुजींच्या घरातला सोफा बघतो काय? दाराबाहेर उभं राहून बोल स्वच्छ निघतायत की नाही ते ऐकतो. हे तसंच आहे, कारण टॅपमध्ये पाय म्हणजे वाद्य. बाकीचा नाच नंतर.

मला हे कसं कळलं ते सांगते. पाच वर्षांपूर्वी लेकीच्या बाळंतपणाला पुण्याला जाऊन आठ महिने राहिले होते, तेव्हा जवळच एक क्लास होता, मोठ्या माणसांची बॅच, आणि मी 52 व्या वर्षी जाऊन उभी राहिले, साडी नेसूनच गेले होते पहिल्या दिवशी, ते जाऊ दे. आम्ही नऊ जणी. पहिल्या दिवशी आमचा आवाज म्हणजे मांडणीवरची भांडी कोसळावीत तसा. सर काय करायचे माहितीय? आमच्याकडं पाठ करून खिडकीतून बाहेर बघत उभे राहायचे, आम्ही शफल, म्हणजे पाय पुढं-मागं घासायची स्टेप, करायचो, आणि ते न वळता म्हणायचे, "डावीकडून तिसऱ्या बाई, परत येताना पाय घासत नाही, आपटतोय." डावीकडून तिसरी मीच असायचे नेहमी. न बघता! त्या दिवशी मला कळलं की मास्तर कसा ओळखायचा.

म्हणून आधी हे कर. दोन्हीकडं पुन्हा जा, टॅपच्याच बॅचला जा, कोपऱ्यात बस आणि दोन मिनिटं डोळे मीट. नुसता गलका ऐकू येतोय, गाणं इतकं मोठं लावलंय की पायांचा आवाज त्यात बुडालाय, तर तिथनं उठ. टॅपच्या क्लासात गाणं बारीक असतं किंवा नसतंच, कारण पायच ऐकायचे असतात. मोठ्या स्पीकरवर गाणं लावून टॅप शिकवणारा म्हणजे मिक्सर चालू ठेवून गाणं शिकवणारा. आणि नवशिक्या पोरी असल्या तरी शफलचे दोन आवाज, पाय पुढं घासताना एक आणि मागं घासताना एक, हे दोन वेगळे ऐकू आले पाहिजेत. फ्लॅपलासुद्धा दोनच, घासणं आणि ठेवणं. क्रॅम्प रोल म्हणून एक असतो त्यात चार, चवडा चवडा टाच टाच, आणि ते चार एकसारखे पडले की घोडा टापा टाकत गेल्यासारखं वाटतं. हे चार मोजता आले तर क्लास बरा. चारचे अडीच ऐकू आले आणि मास्तर "सुपर, सुपर" म्हणत पुढची स्टेप दाखवायला लागला तर समज, गॅदरिंगपुरतं काम आहे.

आणि आपल्याला हे ऐकायला जड जाऊ नये. मी वडगावची, आमच्या गल्लीत मागाच्या खटखटीत झोपलेली पोर, खट्याक-खट खट्याक-खट बंद झालं की उलट जाग यायची, करंट गेला म्हणून. पुण्याचे सर एकदा टॅप कुठनं आलं ते सांगत होते तेव्हा मी एकदम सरसावून बसले, कारण त्यात मागच निघाले! इंग्लंडात लँकशायरकडं कापडगिरण्यांतले कामगार लाकडी तळाचे बूट घालायचे, क्लॉग म्हणतात त्याला, आणि मागाच्या ठेक्यावर पाय वाजवायचे, त्याचाच पुढं नाच झाला म्हणतात. त्यात आयर्लंडचा जिग नावाचा नाच मिसळला. आणि खरा जीव आला तो आफ्रिकेतनं गुलाम करून अमेरिकेत नेलेल्या माणसांकडनं. साउथ कॅरोलिनात 1739 ला त्यांनी उठाव केला, ढोल वाजवत निघाले होते, त्यानंतर 1740 च्या कायद्यानं त्यांचे ढोलच काढून घेतले. मग ढोल गेला तो हातापायांत आला, मांडी, छाती, टाच, जे मिळेल ते वाजवायचं. पुढं 1840 च्या आसपास न्यूयॉर्कच्या गरीब वस्तीत हे काळे आणि आयरिश शेजारी शेजारी राहायला लागले आणि एकमेकांचं बघून, म्हणजे ऐकून, उचलायला लागले. ढोल हिसकावून घेतलेल्या लोकांचा ढोल आहे हा, म्हणून मला त्यावर गाणं ढणाणा लावलेलं बघवत नाही.

आता जमीन. इथं मात्र मी जरा कडक बोलणार आहे, कारण इथं माझं भाजलेलं आहे. वीसेक वर्षांपूर्वी माझ्या भाच्याला एका क्लासला घातलं होतं, गावाचं आणि क्लासचं नाव राहू दे. ग्रॅनाईटची जमीन, वर त्याच दिवशी फिनेलनं पुसलेली, पोराच्या पायात नवे टॅपचे बूट. तिसऱ्या दिवशी घसरून हनुवटीवर पडला, तीन टाके. फी मागितली तर म्हणाले पोरगं दंगा करत होतं. धातू आणि गुळगुळीत दगड, दुसरं काय होणार? टाईल्स, ग्रॅनाईट, शहाबादी, सिमेंट, सगळं एकच. घसरणं हा एक भाग. दुसरा असा की दगड लवत नाही, तर सगळा दणका नडगीत आणि गुडघ्यात जातो, आठवड्यात नडग्या ठणकायला लागतात, आणि तुझ्या माझ्या वयाला तर जास्तच. आणि तिसरं, आवाजच नाही ग! दगडावर टॅप किरकिरतो, लाकडावर बोलतो. चांगल्या क्लासात जमिनीवर लाकडी रिपा, कुठं खाली रबराचे तुकडे, आणि वर फळ्या किंवा जाड प्लायवूड असतं, म्हणजे पाय पडला की जमीन थोडी दबते. तू स्वतः टाचेवर उभी राहून दोन हलक्या उड्या मारून बघ, टाचेतनं डोक्यात झिणझिण्या गेल्या तर नको.

तेव्हा टाईल्सवाल्यांना सरळ विचार, टॅपच्या बॅचला लाकडी बोर्ड अंथरता काय? काहीजण अंथरतात, मग हरकत नाही. "मॅट घालतो मॅडम" म्हणाले तर रबरी मॅटवर टॅप म्हणजे गोधडीवर तबला.

पण कॅम्पातल्या हॉलला मी डोळे झाकून पास करत नाहीये हां, डोळे फक्त ऐकताना झाकायचे. जुनी फळी म्हणजे वर आलेला खिळा, वाळवी, आणि आपल्याकडच्या पावसात फुगलेली सांध. भिंतीकडनं एक चक्कर मार, पायानं दाबत दाबत. संध्याकाळी किती वाजता क्लास सुटतो, जिन्यात लाईट आहे काय, बाथरूमचं काय, आणि मुलांच्या बॅचला हॉलात आणखी कोणी मोठं माणूस असतं काय. पालकांनी बसलेलं चालतं काय हे दोन्हीकडं विचार. "मुलं डिस्टर्ब होतात" म्हणून कायमचं दार लावून घेणारा क्लास मला चालत नाही, मास्तर कितीही मोठा असू दे. महिन्यातून एकदा बसू देतात, दाराला काच आहे, येवढं तरी पाहिजे. पाय दुरुस्त करताना हात लावावा लागतो, तर मुलाला विचारून लावतात काय, तेही बघ. साठीतला माणूस म्हणून आपण लगेच काका काका करून सोडून देतो, तसं करू नको.

त्यांना एक प्रश्न आणखी विचार, तुम्ही कुणाकडं शिकलात? टॅपचं कुणाकडं, डान्सचं नाही. लंडनची इम्पीरियल सोसायटी आहे, नाच शिकवणाऱ्यांची 1904 ची जुनी संस्था, तिच्या टॅपच्या ग्रेडच्या परीक्षा असतात, तसलं काही असेल तर चांगलं, पण नसेल तरी मी नाक मुरडणार नाही, आपल्या भागात कॅम्पातल्या, गोव्याकडच्या कितीतरी घरांत हे असलं बघून ऐकूनच शिकलेत लोक. फक्त भिंतीवरचं सर्टिफिकेट वाचून घे, पुष्कळदा ते झुंबाचं असतं. आणि भाषेची काळजी करू नको, स्टेपची नावं सगळीकडं इंग्रजीच, शफल म्हणजे शफल, आणि मोजायला काय, एक दोन तीन चार म्हणा नाहीतर ओंदु एरडु मूरु नाल्कु, पोरं दोन्हीत मोजतात.

"पहिला महिना बूट घेऊ नका" या एका वाक्यावर मला ते सर आवडले, खोटं कशाला बोलू. नवीन माणसाला कडक तळाचे साधे बांधायचे बूट चालतात, आधी घोटा सैल सोडायला शिकायचं असतं. आणि पहिल्याच दिवशी फीबरोबर बुटाचं बिल लावणाऱ्याचा धंदा बुटाचा आहे काय, अशी शंका येतेच की. घ्यायची वेळ येईल तेव्हा लेकीला "पाय वाढतोय" म्हणून दोन नंबर मोठे घेऊ नको, शाळेच्या बुटाला ते चालतं, इथं टाच आत हलली की आवाज फुसका. मोठ्या मुलांचे लहान झालेले बूट त्याच क्लासात मिळतात बहुतेक, विचार. आणि मी केलेला एक जुगाड, जमला म्हणून सांगते. पट्ट्या तेवढ्या बाहेरनं मागवल्या आणि आमच्याकडच्या अथणीच्या एका कारागिराकडनं जुन्या लेदर बुटाला कडक चामड्याचा तळ टाकून त्यावर बसवून घेतल्या. कोल्हापुरी म्हणून जी चप्पल जगभर जाते, तिचा 2019 ला जीआय टॅग, म्हणजे ती कुठल्या भागाची याचा सरकारी शिक्का, झाला त्यात चार जिल्हे महाराष्ट्राचे आणि चार कर्नाटकचे आहेत, त्यात आपला बेळगाव, म्हणजे तळाचं चामडं कसं असावं हे आपल्या अथणी-निपाणीच्या माणसाला शिकवायला नको. त्यानं एक पाऊल फरशीवर आपटून ऐकलं आणि म्हणाला, "अक्का, हे करकरत नाही, ठणकतंय." करकरणारी चप्पल बांधणाऱ्या माणसाचा कान! स्क्रू मात्र दर आठ दिवसांनी बघायचे, सैल झाला की आवाजात खुळखुळ येते आणि वर आला की सरांची फळी ओरबाडते, मग बोलणी खायची. पर्समध्ये छोटा स्क्रूड्रायव्हर असू दे.

फीचं थोडक्यात. टॅप आवडतंय की बूट आवडलेत हे आठ वर्षांच्या पोरीला पहिल्या महिन्यात कळत नाही, तर महिना महिना भर. तीन महिन्यांची एकदम मागत असतील तर मध्येच सोडल्यास काय, हे लिहून माग, व्हॉट्सॲपवर का होईना. गॅदरिंगच्या ड्रेसचे पैसे वेगळे असतात आणि ते डिसेंबरात अचानक कळतात, आत्ताच विचार. एप्रिल-मेच्या समर कॅम्पात टॅपची बॅच निघाली तर चव बघायला ठीक, पण सहा आठवड्यांत एक गाणं बसवून देतात, तेवढंच.

सासूबाईंचं. त्यांच्याशी वाद घालू नको, त्या चुकीचं काहीच बोलत नाहीत, भरतनाट्यमच्या पोरींना टॅप पटकन येतं कारण ताल अंगात असतो आणि पाय ऐकायची सवय असते. कथकचे पंडित चित्रेश दास आणि अमेरिकेचे टॅपवाले जेसन सॅम्युअल्स स्मिथ यांनी 2005 च्या सुमाराला एकत्र कार्यक्रम केले, हे घुंगरू बांधून, ते टॅपचे बूट घालून, सवाल-जवाब. मोबाईलवर त्याचा व्हिडिओ लाव आणि सासूबाईंच्या शेजारी बस, काही बोलू नको. माझ्या सासूबाईंनी तो बघून विचारलं होतं, "त्या बूटवाल्याचा तबला कुठाय?"

तुझ्या ह्यांचं. टॅपमध्ये उड्या फार नसतात, सुरुवातीला तर नसतातच, गुडघे थोडे वाकवून, वजन चवड्यावर ठेवून घोट्यातनं पाय सोडायचा असतो. 38 काय वय आहे! बीपी, गुडघा, पाठ काही असेल तर डॉक्टरांना विचारून जा, सुरुवातीला पोटऱ्या आणि घोटे नीट मोकळे करून घे, पहिले पंधरा दिवस पोटऱ्या भरून येतील ते ठीक, पण नडगीच्या हाडात एका जागी दुखायला लागलं तर थांब. मोठ्यांच्या बॅचला एकच गोष्ट बघ, दहा-बारापेक्षा जास्त जणी नकोत, नाहीतर मास्तरला तू ऐकू येणारच नाहीस. आणि लेकीच्या बॅचमध्ये उभी राहू नको, मायलेकी एका बॅचला असल्या की आई स्वतःचे पाय सोडून लेकीचे बघते आणि लेक वैतागते. वेगळ्या वेळा घ्या, घरी एकत्र करा.

दोन्ही क्लास नापास झाले तर काय, म्हणशील. हुबळी-धारवाड, कोल्हापूर, पणजी सगळीकडं चौकशी कर, पण आठ वर्षांच्या पोरीला दर शनिवारी चोर्ला घाटातनं नेऊ नको, दोन महिन्यांत दोघी कंटाळाल. मग ऑनलाईन राहतं, आणि त्यात एक मेख आहे जी मला दोन महिने कळली नव्हती. व्हिडिओ कॉलचं ॲप पायांच्या आवाजाला गोंगाट समजतं आणि दाबून टाकतं, तिकडं सरांना नुसते पाय हलताना दिसतात, ठेका ऐकूच जात नाही. सेटिंगमध्ये जाऊन ओरिजिनल साउंड चालू करायचा आणि मोबाईल जमिनीवर पायांसमोर ठेवायचा, तोंड नाही दिसलं तरी चालतंय. आवाज पोचायला वेळ लागतो म्हणून सरांबरोबर एकत्र करता येत नाही, ते करून दाखवतात मग आपण, असंच.

घरी सरावाला बोर्ड लागेलच, क्लास कुठलाही लाव. लाकडाच्या वखारीत नाहीतर प्लायवूडच्या दुकानात जा, पूर्ण शीट 8 बाय 4 फुटी येते, 18 एमएमची घे आणि मधोमध कापून घे, 4 बाय 4 चे दोन होतात, एक तुझा एक लेकीचा, भांडण नाही. खाली पोरांचे ते कोडं जोडतात तसले फोमचे मॅट टाक, नाहीतर जुना जमखाना दुमडून. खालच्या बिऱ्हाडाला आधी जाऊन सांग, कुंदा घेऊन जा, संध्याकाळी सात ते साडेसात एवढंच करणार म्हणून. बाकीच्या वेळी तोंडानं म्हणायचं, कथकवाले पढंत करतात तशी, शफल हॉप स्टेप, शफल हॉप स्टेप, भाकरी थापतानासुद्धा होतंय, आणि तोंडात बसल्याशिवाय पायात येत नाही. पाऊस लागला की बोर्ड भिंतीला उभे करून ठेव, आडवे ठेवलेस तर जूनमध्ये फुगून पोळी होतील.

कडा दुकानातच पॉलिशपेपरनं घासून घे, माझ्या दोन साड्या गेल्यात. आणि 4 बाय 4 चा तुकडा रिक्षात कसाही घातला तरी बसत नाही, मी आडवा, उभा, तिरका सगळा घालून बघितलाय, छोटा हत्तीच सांग.